कोटाचा रकाना

आयली राउतिओनं ते पहिल्यांदा पाहिलं
मार्चमधल्या एका मंगळवारी, डुलूथमध्ये,
सरोवर काठाशी अजून गोठलेलं होतं.
मुलगा भेटीच्या खोलीत आला, बसला,
आईनं डब्यातून आणलेल्या सफरचंदाच्या फोडी
एकेक करून संपवल्या
आणि तासभर कोट काढला नाही.

हीटर चालू होता.
काचेपलीकडे आयलीच्या हातात स्टॉपवॉच,
मांडीवर छापील तक्ता:
नजरानजर किती सेकंद, आधी कुणी शिवलं कुणाला,
आईनं नावानं हाक किती वेळा मारली.
कोटाला रकाना नव्हता.
समासात तिनं पेन्सिलीनं लिहिलं:
चेन हनुवटीपर्यंत.

नाव लिहायचं नाही, हा नियम.
चारशे सतरा. वय साडेपाच.
जूनमध्ये तो आईकडे परत गेला: एक.
ऑक्टोबरात सांभाळणाऱ्या घरी परत आला.
परत गेला. परत आला. परत.
तक्ते भरायला मी होते तिच्याकडे त्या वर्षी.
तिच्या भाषेत याला दोन शब्द लागतात,
माझ्या भाषेत एकच पुरतो,
माघारी जाणंही परत, पुन्हा पुन्हा जाणंही परत.
संगणकाला दोन्ही कळत नव्हतं.
त्यानं दर वेळी नवी ओळ उघडली,
एका पोराची तीन पोरं केली
आणि तिघांनाही घरी पोचवलं.
मी दाखवलं तेव्हा आयली एवढंच म्हणाली,
अशा किती ओळी आहेत ते मोज.
मोजायला आठवडा लागला.

व्हर्ना लिंडक्विस्टच्या फ्रिजवर एक यादी होती,
ज्या बाई त्याला सांभाळायच्या त्यांच्या.
रात्री बोळातला दिवा चालू ठेवणे.
वाटाणे बटाट्याला लागू न देणे.
रागावला तर खोलीबाहेर बसून राहणे, बोलू नये.
निघताना त्यांनी ती कपड्यांवर ठेवली,
काळ्या पिशवीत नाही, खऱ्या बॅगेत.
आई, डोरीन, यादी वाचून म्हणाली,
मला शिकवताय होय, पोर माझं आहे,
आणि घडी घालून पाकिटात ठेवली.
ही गोष्ट कुठल्याच निबंधात आली नाही.

न्यायालयात आयलीला विचारलं:
घरी टिकेल का मूल?
ती म्हणाली, अशा परिस्थितीतली
शंभरातली अडुसष्ट टिकतात.
बाहेर कॉफीच्या यंत्रापाशी
डोरीननं तिची बाही धरली.
मी त्या अडुसष्टांत आहे का?
तसं ते सांगता येत नसतं, आयली म्हणाली.
उत्तर बरोबर होतं.
पुढं तीस वर्षं तिनं तेच शिकवलं,
पहिल्या तासाला, फळ्यावर आकडा लिहून,
आणि दर वर्षी त्या वाक्याआधी
खडू खाली ठेवायची.

कोटाचा रकाना तिनं पुढं मागितला.
परीक्षक म्हणाले, मोजमाप संदिग्ध आहे,
मुलाला नुसती थंडी वाजत असेल.
अनुदान मिळालं नाही.
त्यांचंही खोटं नव्हतं,
डुलूथमध्ये थंडी वाजते.

शेवटच्या भेटीला आम्ही दोघी गेलो,
टेकडीवरच्या दुमजली घरात, मागच्या जिन्यानं.
तिसऱ्यांदा परत आल्याला अकरा महिने झाले होते.
दार त्यानंच उघडलं. पुढचे दोन दात नवे.
आत कांदा परतल्याचा वास,
बोळातला दिवा भरदुपारी चालू.
डोरीन म्हणाली, बसा, पसारा आहे.
आयलीनं आधी खुंटीकडे पाहिलं.
कोट तिथं होता, एक बाही उलटी.
मग तिनं खाली पाहिलं
आणि मीही.
पायात बूट होते,
घरातच, गालिच्यावर,
लेसांना दुहेरी गाठ.

गाडीत बराच वेळ तिनं किल्ली फिरवली नाही.
मी विचारलं, काय भरू?
एक भर, ती म्हणाली,
आणि समास मोठा ठेव.